मागच्या दाराने लग्नाला जाणारे सेतूमामा

सेतूमामा लग्नाला गेले की आधी मंडपाच्या मागच्या बाजूला जात. पुढे नादस्वरम चाललेलं असे, दारात गुलाबपाणी शिंपडणाऱ्या मुली उभ्या असत, आणि हा जरीकाठी वेष्टी नेसलेला पंचाहत्तरीचा गृहस्थ मागे खरकट्या पानांच्या ढिगाशी वाकून काहीतरी निरखत असे. केळीची पानं वेगळी टाकली आहेत का, प्लास्टिकचे पेले त्यात मिसळले आहेत का, हे पाहून झालं की मगच ते वधूवरांना आशीर्वाद द्यायला येत. आणि पानं-पेले एकत्र दिसले, तर आशीर्वादाआधी मंडपाच्या मॅनेजरला दोन शब्द ऐकवत. मुलीकडच्यांना वाटे, हे मुलाकडचे कुणीतरी मानी काका. मुलाकडच्यांना वाटे, मुलीचे आजोबा असणार. या गैरसमजाच्या मधोमध सेतूमामा शांतपणे जेवून येत.

मी त्यांच्या घरी वर राहायला होतो. मिरजेहून बँकेच्या बदलीवर चेन्नईला आलो, तेव्हा आधी तिरुवल्लिकेणीतल्या एका मॅन्शनमध्ये, म्हणजे एकट्या पुरुषांच्या लॉजमध्ये, खाट घेतली होती. तिथलं जेवण जेवून मी अर्धा झालो. कुणीतरी सांगितलं, मागच्या गल्लीत एक तंजावरचे मराठी म्हातारे खोली देतात. गेलो. त्यांनी मला आपादमस्तक पाहिलं आणि पहिला प्रश्न विचारला, "जेविलास का?" नाही म्हटल्यावर म्हणाले, "मग बैस. खोलीचं अस्क मागून बोलूं." अस्क म्हणजे सगळं. त्यांची मराठी शहाजीराजांबरोबर दक्षिणेत उतरली होती आणि तिथेच थांबली होती. अधूनमधून तिला तमिळचा हेल लागे. माझी मराठी त्यांना फार घाईची वाटे. "तू बोलतोस की आगगाडी पकडतोस?" असं ते विचारत.

मी त्यांना काका म्हणायला गेलो, तर म्हणाले, "मज मामा म्हण. या गल्लीत अस्क मज मामाच म्हणतात." त्यांच्या बायकोला मग अर्थातच मामी म्हणायचं. मामी कमी बोलत आणि मामांचं सगळं बोलणं डोळ्यांनी खोडून काढत.

सेतूमामांना खाण्याचा नाद होता, हे मी प्रेमाने सांगतोय. रसम पहिल्या घोटात पास किंवा नापास होई. पायसमला फक्त "बरं" म्हटलं, तर तो आचारी त्यांच्या मनातून कायमचा उतरला म्हणून समजावं. रविवारी ते मला लग्नाला घेऊन जात. आमंत्रण कुणाला होतं, हे मी कधी विचारलं नाही. चळवळ वगैरे शब्द मला तेव्हा वर्तमानपत्रातच भेटत. माझा चळवळीतला प्रवेश पोटातून झाला.

त्यांचा स्वतःचा प्रवेश मात्र साधा नव्हता. आमच्या गल्लीत सेल्वी नावाची बाई फुलं घेऊन यायची. पूर्वी ती जवळच कालव्याच्या काठी झोपडीत राहायची. मग काठ साफ करायचा म्हणून तिथल्या सगळ्यांना उचलून शहराबाहेर, दलदलीच्या कडेला नेऊन वसवलं. शेजारीच शहराचा कचरा पडायचा ते मैदान होतं. तिथून दोन बस बदलून ती पहाटेच मोगरा घेऊन येई. एकदा ती बरेच दिवस आली नाही. नात आजारी होती, दम लागत होता. मामींनी मामांना पाठवलं, बघून या म्हणून. मामा कुरकुरत गेले, कारण त्या दिवशी एका लग्नाचं जेवण चुकत होतं.

तिथे कचरा जळत होता. तो नेहमीच जळत असतो, असं सेल्वीने सांगितलं. धुरात उभं राहून मामा काठीने ढीग उकरत होते. ढीग उकरायची त्यांची सवय तिथली. त्यात एक अर्धी जळालेली पिशवी निघाली. आपल्याकडे लग्नात पाहुण्यांना नारळ-विडा देतात, तसा तिकडेही देतात आणि तो वधूवरांची नावं छापलेल्या पिशवीत घालून देतात. पूर्वी त्या पिवळ्या कापडी असत. मग प्लास्टिकच्या चकचकीत आल्या. मामांनी आपल्या धाकट्या मुलीच्या लग्नात हौसेने प्लास्टिकच्या निवडल्या होत्या, मामी नको म्हणत असताना. कापडी पिशवी म्हणजे गावंढळपणा, असं त्यांचं तेव्हाचं मत. ढिगातून निघालेल्या पिशवीवर त्यांच्याच मुलीचं नाव होतं. जावयाचं जळून गेलं होतं.

त्या दिवशी मामांनी रसम दुसऱ्यांदा मागितलं नाही. मामी घाबरल्या. मला हळूच म्हणाल्या, "डॉक्टरांस बोलावायचं का?"

पुढे नुंगंबाक्कमच्या एका सभागृहात काही तरुण मंडळींनी हवामानबदलावर चित्रं दाखवत भाषण ठेवलं होतं. मामा मला ओढून घेऊन गेले. कर्बवायू, मिथेन, समुद्राची पातळी, आणि या सगळ्याची झळ आधी कोणाला लागते त्याचा न्याय. मुलं हुशार होती, कळकळीची होती, पण त्यांचं बोलणं सगळं इंग्रजीत आणि बाणाबाणांनी जोडलेलं. मामा शेवटपर्यंत मान डोलवत बसले. मला वाटलं, झोपले. बाहेर आल्यावर म्हणाले, "जेवण आमच्या घरांत, उष्टं तिच्या घरांत. एवढंच ना? मग हें बोलाया इतका वेळ कां?"

तिथून त्यांची मोहीम सुरू झाली. मोहिमेचं कार्यालय म्हणजे जे कुठलं लग्न असेल तो मंडप. आचाऱ्यांना पटवणं त्यांना सोपं होतं, कारण त्यांच्या जिभेला आचारी भीत. मुलीच्या बापाला गाठून ते पिवळ्या कापडी पिशवीची महती सांगत आणि त्याने ऐकलं नाही, तर सांबारात मीठ जास्त असल्याचं मोठ्याने जाहीर करत. हा सत्याग्रह होता की दमदाटी, हे मला आजही सांगता येणार नाही. पण एग्मोरपासून तिरुवल्लिकेणीपर्यंतच्या मंडपांत पिवळ्या पिशव्या परत दिसायला लागल्या. मी त्या वाटायला उभा राहायचो. मिरजेत माझ्या आईला वाटत होतं, मुलगा मद्रासला बँकेत आहे.

मग बातमी आली की सेल्वीच्या वस्तीला लागून कचरा जाळायची मोठी भट्टी होणार. त्याआधी लोकांचं म्हणणं ऐकायला जाहीर सुनावणी. ती ठेवली वस्तीपासून लांब, शहरातल्या एका कल्याण मंडपात, म्हणजे लग्नाच्या कार्यालयात, सकाळी. वस्तीतल्या बायकांनी यायचं ठरवलं होतं. पण नेमका त्या दिवशी पाण्याचा टँकर उशिरा आला. पाणी न भरता निघणं शक्य नव्हतं. इकडे मंडपात साहेब स्थानापन्न, कॉफी वाटून झाली, आणि समोर भट्टीच्या बाजूचे लोक खुर्च्या अडवून बसलेले. साहेब म्हणाले, कोणाची हरकत नसेल तर तशी नोंद करून आपण संपवू. तशी नोंद झाली असती, तर भट्टी उभी राहिलीच असती.

सेतूमामा उठले. माईक हातात घेतला आणि तमिळमध्ये म्हणाले, "मला माझ्या मुलीच्या लग्नाबद्दल सांगायचं आहे."

आणि त्यांनी सांगायला सुरुवात केली. पत्रिका कशी जुळली. मुलाच्या आत्याने काय खोड काढली. कांजीवरमला साडी घ्यायला कोण कोण गेलं. मला घाम फुटला. साहेबांनी घड्याळ पाहिलं, पण मंडपात बसून मुलीच्या लग्नाची गोष्ट सांगणाऱ्या म्हाताऱ्याला गप्प बसवायचं धाडस कोणाला होणार? उलट मागून एका बाईंनी विचारलं, "पायसम कुठलं होतं?" मामांनी त्यांना सविस्तर उत्तर दिलं, गुळाच्या प्रतीसह. आयुष्यभर ज्या कंटाळवाण्या बोलण्यावरून मामी त्यांना टोकत आल्या, ते सगळं त्यांनी त्या सकाळी कामाला लावलं. अखेर मंगळसूत्र बांधायची वेळ जवळ आली, तेव्हा दारातून बायका आत आल्या. घामाघूम, पदर ओले. मामांनी वाक्य अर्ध्यात सोडलं. खिशातून ती जळकी पिशवी काढून साहेबांच्या टेबलावर ठेवली. "लग्नाचं पुढे काय झालं, ते ही बाई सांगेल," म्हणाले आणि माईक सेल्वीच्या हातात दिला.

सेल्वी आधी गोंधळली. मग म्हणाली, "या पिशवीवरचं नाव मला वाचता येत नाही. पण ती जळते तेव्हा माझ्या नातीला श्वास घेता येत नाही. आता भट्टीचा धूर उंच जाईल म्हणता. आम्ही त्या धुराच्या खालीच राहतो, साहेब." पाठोपाठ एकेक बाई बोलली. दुपार उलटून गेली तरी बोलत होत्या.

काही महिन्यांनी कळलं, भट्टी तिथे होणार नाही. त्या संध्याकाळी सेल्वी मोठा हार घेऊन आली. मामींनी केसरी, म्हणजे तिकडचा शिरा, केली होती. मामांचे गुडघे तोवर पार गेले होते, ते खाटेवर बसून हार घालून घेत होते आणि लाजत होते. मी उत्साहाने पेपर वाचून दाखवत होतो. "जागा बदलली म्हणे," मी म्हटलं, "उत्तरेकडे नेणार, तिथल्या खाडीच्या काठी."

मामांनी केसरीचा घास खाली ठेवला. "तिथें कोण राहतात?"

मी म्हटलं, "कोळी लोक असतील, मामा. आता तुम्ही आराम करा. आपल्या सेल्वीचं तर काम झालं."

"तिकडे बस कुठली जाते?" त्यांनी विचारलं.

मामींनी नेहमीप्रमाणे डोळ्यांनी खोडून काढायला त्यांच्याकडे पाहिलं, पण या खेपेला त्यांना ते जमलं नाही.

मामांना ती बस धरता आली नाही. पावसाळा सरता सरता ते गेले. मी परक्या गावात होतो आणि मला एक घर होतं ते त्यांच्यामुळे, हे मला तेव्हा पुरतं कळलं. फार रडलो. दिवसकार्य झाल्यावर मी मंडपात पानं उचलत होतो, तेव्हा सेल्वी जवळ आली. तिकडे धाकट्या भावाला म्हणतात तसं म्हणाली, "तंबी, मी विचारून ठेवलं आहे. बीच स्टेशनाजवळून बस सुटते. रविवारी जाऊ. तिकडच्या बायकांना माईकसमोर बोलायची सवय नसेल. त्यांना सांगायला हवं, पहिल्यांदा पाय कापतात, मग नाही कापत."