सब्ज्याची बंडी

परवा फोनवर तुम्ही मला ते पंखे लावलेलं जाकीट दाखवलंत, उन्हात घातलं की अंग गार ठेवणारं. धाकटीने विचारलं, "आजी, तुमच्या वेळी असलं काही नव्हतं ना?" होतं. आपल्याच घरात तयार झालं होतं. त्याला बॅटरी नव्हती, सासूबाई होत्या.

लातूर तेव्हा नुकताच वेगळा जिल्हा झाला होता. कचेऱ्यांच्या पाट्यांवरचा रंग अजून ओला होता आणि बाकी जिल्ह्यात कुठे ओलावा म्हणून नव्हता. तुमचे आजोबा रोजगार हमीच्या कामावर ओव्हरसियर होते. गावाबाहेर उघड्या माळावर पाझर तलावाचं काम चालू होतं; मजुरांना मजुरीत पैशांबरोबर सरकारी गहू मिळायचा, तो वाटणं आजोबांकडे. आदल्या उन्हाळ्यात अशाच एका कामावर ऊन लागून ते पडले, ते संध्याकाळी शुद्धीवर आले. डॉक्टरांनी मला बाजूला घेऊन सांगितलं, "बाई, पुन्हा असं झालं तर माझ्या हातात काही राहणार नाही." मी हे आजोबांना सांगितलं, तर म्हणाले, "बायामाणसं उन्हात माती वाहतात, आणि मी सावलीत बसू? बरं दिसतं का ते?"

त्यातच जिल्ह्याच्या कचेरीतले नवे साहेब पाहणीला येणार असल्याचा निरोप आला. म्हणजे दिवसभर उभं राहणं आलं.

मी नांदेडच्या कॉलेजात इंग्रजी घेऊन शिकलेली. रडत बसण्यापेक्षा विचार करावा, असं मला वाटायचं. रांजणाला ओलं पोतं गुंडाळलं की पाणी गार राहतं, मग नवऱ्याला का नाही गुंडाळायचं? मांजरपाटाची दुहेरी बंडी बेतली. फूटपट्टी लावून उभ्या शिवणी घातल्या आणि मध्ये नळीसारखे पोकळ कप्पे ठेवले. त्यांत वाळा भरायचा, बंडी भिजवायची, वरून सदरा घालायचा.

सासूबाईंनी वाळा हातात घेऊन पाहिला. "ह्या मुळ्या टोचत्याल की लेकराला. सब्जा भर. लई थंड असतोय."

"आत्या, सब्जा पोटात थंड असतो."

"पोटात थंड आन् पाठीला गरम? असं कुठं असतंय का गं? कॉलिजात हेच शिकिवलं का तुला?"

आमच्या घरी जगातली प्रत्येक वस्तू थंड तरी होती नाहीतर उष्ण तरी. गूळ उष्ण, धणे थंड, पपई उष्ण. सासूबाईंच्या मते माझं माहेर उष्ण होतं. मी वाळा टोपलीत नीट झाकून ठेवला आणि टँकरच्या रांगेत घागर घेऊन उभी राहिले. परत आले तर टोपलीतला वाळा तसाच होता आणि बंडी मात्र भरून, तोंडं शिवून तयार होती. गादीत कापूस ठासावा तसा सब्जा ठासलेला.

उसवायला वेळ नव्हता. आजोबा घाईत होते. त्यांनी बंडी बादलीत बुचकळली, पिळली, अंगात घातली, वर सदरा चढवला आणि सायकलवर टांग टाकली. सब्जा किती फुगतो हे सासूबाईंना ठाऊक नव्हतं असं नाही. पण त्यांनी तो आयुष्यभर पेल्यात पाहिलेला, माणसावर नाही.

पुढचं आजोबांनी त्या संध्याकाळी सांगितलं. अर्ध्या वाटेत सदऱ्याचं पहिलं बटण उडालं. कामावर पोचेपर्यंत पोट पुढे, पाठ मागे, आणि हात अंगाला टेकेनात. मातीची पाटी घेतलेली एक बाई थबकली.

"अगं बया! सायबाला दिवस गेले का काय?"

दुसरी म्हणाली, "दुष्काळ लई मानवला बग त्यांना."

सगळा बांध हसत असतानाच साहेबांची जीप आली. साहेब तरुण होते. त्यांनी हाडकलेल्या मजुरांकडे पाहिलं, मग आजोबांकडे पाहिलं.

"मजुरीतला गहू सगळा वाटला जातो ना?"

आजोबांचे कान तापले. सचोटी सोडली तर त्यांच्याकडे मिरवण्यासारखं दुसरं काही नव्हतं. त्यांनी चारचौघांत उरलीसुरली बटणं काढली. "साहेब, हा गहू नव्हे. हा सब्जा आहे. आमच्या मातोश्रींनी भरलाय."

साहेबांनी पोटाला बोट लावून पाहिलं. मग पंजा ठेवला, आणि तो बराच वेळ काढला नाही.

नंतर ते भर दुपारी बोडक्या डोक्याने अख्खा बांध चालले. परत आले ते पांढरेफटक पडून, आणि जीपच्या चाकाला टेकून खालीच बसले. आजोबांनी मागचापुढचा विचार न करता बंडी काढली आणि साहेबांना घातली. आता स्वतःच्या अंगावर नुसता सदरा, तोही उघडाच. थोड्या वेळाने त्यांचेच पाय लटपटू लागले. मघाची ती बाई आदल्या उन्हाळ्यातही त्यांच्याच कामावर होती; ती पाटी टाकून धावली, त्यांचा दंड धरून म्हणाली, "बसा गप. पुन्यांदा पडलाव तर तुमच्या बायकूला काय सांगू?" आणि तिने त्यांना साहेबांशेजारी जीपच्या सावलीत बसवलं.

साहेबांना तरतरी आली तेव्हा त्यांनी शेजारी पाहिलं, मग उन्हातल्या बायकांकडे पाहिलं. म्हणाले, "मी तासाभरात आडवा झालो. ही माणसं रोज कशी करतात? उद्यापासून काम सकाळी आणि संध्याकाळी. दुपारी बारा ते चार बंद."

बांधावरून आवाज आला, "चला गं, सायब बाळंत झालं. सुट्टी मिळाली!"

साहेब बंडी घालूनच गेले. घरी सासूबाईंनी ते ऐकलं आणि माझ्याकडे वळून म्हणाल्या, "बग. एवढ्या मोठ्या सायबाला पटलं. तुलाच न्हाई पटत."

दुपारचं ऊन आता आजोबांच्या डोक्यावर नसणार, एवढं मला पुरे होतं. दुसऱ्या दिवसापासून ते बारा वाजता घरी येऊ लागले. पण ओव्हरसियर माणूस, तो गप्प कसा पडणार? चुलीत सरपण जास्त जातं, भाकरीची जाडी सारखी नाही, माझे डाळींचे डबे उंचीप्रमाणे हवेत, अशी पाहणी रोज चार वाजेपर्यंत चालायची. दोन-तीन दिवस हे सोसून सासूबाई मला चुलीपाशी हळूच म्हणाल्या, "का गं, तिथं कामावरच त्याला एखादं छप्पर घालून देता यील का? सावलीच हवी ना त्याला?"