दस्तीखालचा भाव

आमचे अप्पा, गुरुपादप्पा, देवणीच्या बैलबाजारात दलाल आहेत. तिथं भाव तोंडानं सांगत नाहीत; खांद्यावरची दस्ती हातांवर टाकून, खाली बोटं धरून ठरवतात.

अर्थशास्त्रातल्या पीएचडीच्या अर्जासाठी लिहिलेला निबंध मी त्यांना वाचून दाखवला. ते वैतागले, ते बरंच झालं.

"लई जड लिवलीस. यात तू कुठं हायस, मंजू?"

मग दस्तीखाली माझा हात घेऊन त्यांनी बोटांचे आकडे शिकवले.

"पण अप्पा, भाव लपवायचा कशाला?"

"म्या कधी इचारलंच न्हाई. तू शोध की."

नव्या निबंधात मी तोच प्रश्न मांडला. प्रवेशाचं पत्र आलं, तेव्हा अप्पांनी दस्तीखाली माझा हात धरला. मी आकड्याची वाट पाहिली. त्यांनी एकही बोट दाबलं नाही, नुसता हात धरून ठेवला.