आक्काचा ठिपका

“मी धुतलेल्या चकत्या तपासणीला जातच नाहीत. तो भट्टीवाला मधल्यामधे बदलतोय, माझं ऐकून ठेव.”

बहिणीच्या गुडघ्याखाली उशी सरकवत आक्का बोलत होती. बहीण म्हणाली, चकत्यांचं तुझं तू बघ, माझ्या खुब्याच्या ऑपरेशनची तारीख गुरुवारची आहे, तेवढी हुकवू नकोस.

आक्काच्या कारखान्यात खुब्यात बसवायच्या धातूच्या गोळ्यांवर कार्बनचा काळा लेप चढे, शरीरानं परकी वस्तू आपली मानावी म्हणून. दर घाण्याबरोबर, म्हणजे एका वेळच्या मालाबरोबर, त्याच धातूच्या चार चकत्याही नमुना म्हणून भट्टीत जात. तपासणीच्या बाई त्यांवर जिवंत पेशी वाढवत. जगल्या तर घाणा पास. बहिणीचा गोळा या खेपेच्या घाण्यातला.

लेपाआधी सगळं धुऊन द्यायचं काम आक्काचं, बावीस वर्षांचं. विश्वास फक्त स्वतःच्या हातांवर. भट्टीवाल्याचा एकही घाणा नापास होत नाही म्हणजे काय? दूधसुद्धा एखाद दिवस नासतं. हा माझ्या चकत्या खिशात घालून जुन्या, पास झालेल्या पुढं करतो, असं तिनं मनाशी पक्कं केलं. म्हणून या खेपेला चारही चकत्यांच्या कडेला तिनं निळ्या पेनचा टाचणीच्या डोक्याएवढा ठिपका दिला. लेप चढला तरी तिरकं धरल्यावर दिसला असता. आता पळ म्हणावं कुठं पळतोस.

सोमवारी निकाल आला. चारही चकत्यांवर काही पेशी मेल्या होत्या. घाणा बाजूला ठेवला, भट्टीवाल्याकडून खुलासा मागितला. आक्का मनात म्हणाली, बघा, लबाडी कधीतरी अंगाशी येतेच.

बाईंनी तिलाही सूक्ष्मदर्शकाला डोळा लावायला सांगितला. मधे पेशी गवतासारख्या माजलेल्या, कडेला गोल टक्कल. चारही चकत्यांना, एकाच जागी.

ती जागा आक्कानं ओळखली, तिच्या ठिपक्याची. म्हणजे चकत्या तिच्याच होत्या. कुणी बदलल्या नव्हत्या. शाई भट्टीत भाजून लेपाखाली पसरली होती. गप्प बसली तर कुणाला कळणार नव्हतं. पण मग हा घाणा भंगारात, पुढचा महिन्यानं, आणि बहीण तोवर अंथरुणात.

“ठिपका माझा आहे,” ती दारात उभ्या भट्टीवाल्याला म्हणाली. “तुझ्यावर पाळत ठेवायला दिला होता.”

त्यानं हातातला ट्रे खाली ठेवला. मग म्हणाला, “आक्का, विचारलं असतंत तर खिसे उलटे करून दाखवले असते.”

“तेव्हा तरी खरं सांगितलं असतंस, हे मला कसं कळायचं?”

बाईंनी घाण्यातला एक गोळा कापून त्यावर पेशी वाढवायचं ठरवलं. तीन-चार दिवस लागणार, म्हणजे गुरुवार गेला. फोनवर बहीण एवढंच म्हणाली, “खुबा माझा आणि खाज तुझी.”

आक्कानं पेन बाईंच्या खणात टाकलं, नवे हातमोजे चढवले आणि पुढचा ट्रे पाण्यात सोडला. भट्टीवाला न्यायला आला, तेव्हा तिनं त्याच्या मोज्यांकडं बघितलंच. नवे होते. तिनं ट्रे दिला आणि दुसरा धुवायला घेतला.