शिळ्या पाण्यावरची गाजरं

आमच्या लातूरच्या गल्लीत नळ आला की आधी गटारं वाहतात. नळ येतो आठ दिवसांनी, कधी दहा. आज येणार अशी कुणकुण लागली की घराघरांतून बायका हंडे-घागरी बाहेर काढतात, पिंपं आडवी करतात आणि उरलेलं पाणी ओतून देतात. का, तर ते शिळं झालं. शिळ्यावर ताजं भरायचं नाही. जे पाणी आठ दिवस तांब्यातांब्याने जपलं, ज्याच्यावरून घरात भांडणं झाली, ते पाच मिनिटांत गटारात. मी वर नाक करून सांगत नाही. माहेरी हदगावला मी हेच केलं, इथे सासरीही हेच केलं, आणि शाळेत मुलांना ‘पाणी जपून वापरा’ हा धडाही मीच शिकवला.

निवृत्त झाल्यावर घरामागच्या दहा फूट लांब, चार फूट रुंद मातीच्या पट्टीवर माझी नजर गेली. नवऱ्याची आधीच गेली होती. त्याला तिथे फरशी हवी होती. चिखल नको, कपडे वाळत घालता येतील, खुर्ची टाकून बसता येईल. मला गाजरं हवी होती, ती येळवसेसाठी. मार्गशीर्षातल्या या अमावस्येला आमच्याकडे सगळं गाव शेतात जातं. तुरीचे, हरभऱ्याचे दाणे, वाटाणे, पालेभाज्या, गाजरं असं सगळं एका पातेल्यात घालून भज्जी शिजते, सोबत ताकातलं आंबील असतं. आम्हाला शेत नाही. दरवर्षी औशाजवळ नवऱ्याच्या मित्राच्या शेतात आम्ही पाहुणे म्हणून जातो, भरपेट जेवतो आणि परत येतो. त्या पातेल्यात एकदा तरी माझ्या मातीतलं काही पडावं, एवढीच माझी हौस. हट्ट म्हणा हवं तर.

पहिल्या वर्षी सगळी गाजरं खाली दोन फाटे फुटलेली निघाली. नवऱ्याने एक उचलून पाहुण्यांसमोर नाचवलं. "हे गाजर हाय का पायजमा?" त्यावर मी काळ्या चिकट मातीत वाळू आणि जुनं शेणखत मिसळलं, दीड वीत खोल खणलं. दुसऱ्या वर्षी गाजरं सरळ आली, पण वरपासून खालपर्यंत उकललेली. तेव्हा नवऱ्याने हेडमास्तरच्या थाटात जाहीर केलं, "यंदा शेवटचं. नीट निघाली तर ठीक, न्हाई तर येळवस झाली की मिस्त्री येणार." मी काही बोलले नाही.

गाजरं का फुटतात, हे मला भाजीबाजारातल्या एका बाईने सांगितलं. ती औशाकडून स्वतःचा माल घेऊन येते. तिने मला विचारलं, पाणी कधी देता? मी म्हटलं, नळ येतो तेव्हा. पाइप लावते, वाफा तुडुंब भरते. ती कपाळावर हात मारून हसली.

"अवं बाई, गाजराला काय ठावं तुमचा नळ कवा येतो? आठ दिस तान काढून त्ये आखडून बसतंय, अन् मग तुमी एकदम पाजता. फुटंल न्हाई तर काय! अन् वरवर शिंपडून बी उपेग न्हाई. पार खालपातुर भिजू द्या. मग बोट खुपसून बघा. दोन पेरं कोरडं लागलं तरच पुन्हा द्या."

माझ्या एवढ्या वर्षांच्या नोकरीत मला इतकं सोपं करून कुणी काही शिकवलं नव्हतं.

नवरात्रात बी टाकलं. वरून ओलं गोणपाट अंथरलं आणि बी वाहून जाऊ नये म्हणून त्याच्यावरूनच सकाळ-संध्याकाळ हाताने पाणी शिंपडलं. दहाव्या-बाराव्या दिवशी दोऱ्यासारखे कोंब दिसल्यावर गोणपाट काढलं. रोपं बोटभर झाली तशी विरळ केली. तिथून पुढे दर तीन-चार दिवसांनी बोट खुपसायचं आणि मुळापर्यंत ओल जाईल असं सावकाश पाणी द्यायचं. पण नळाच्या दोन वारांमधलं हे पाणी आणायचं कुठून? पिण्याच्या पिंपाला हात लावला असता तर घरात महाभारत झालं असतं, आणि तेव्हा नवऱ्याचंच बरोबर ठरलं असतं.

म्हणून पुढच्या नळाच्या दिवशी मी आमचं शिळं पाणी ओतलं नाही. ते वेगळ्या पिंपात भरलं, डास होऊ नयेत म्हणून तोंडाला जुन्या साडीचं फडकं घट्ट बांधलं. तेवढ्याने भागेना. मग बादली घेतली आणि समोरच्या वहिनींच्या दारात जाऊन उभी राहिले. त्या घागर उपडी करायच्या बेतात होत्या.

"वहिनी, इकडं ओता."

"मॅडम, शिळं कशाला न्यायलात? न्यायचं तर ताजं न्या की!"

"ताजं तुम्ही प्या. गाजराला शिळं चालतं."

त्या दिवशी मी पाच घरं फिरले. कुणी हसलं, कुणी दार लोटून घेतलं. घरी नवरा लालबुंद होऊन बसला होता. "गल्लीत बादली घेऊन हिंडायलीस? लोक काय म्हणतील?" मी म्हटलं, "पाणी गटारात सोडणाऱ्यांनी मला काही म्हणूच नये. त्यात तुम्हीही आलात." दर नळाला मी गेले. कंबर धरायची, तरी गेले. हळूहळू वहिनी स्वतःच घागर आणून माझ्या पिंपात ओतू लागल्या.

येळवसेच्या सकाळी गाजरं उपटली. पाच-सहा फुटलेली होती, ती लपवली नाहीत. बाकीची वीतभर, सरळ, लालबुंद. शेतात ती भज्जीत पडली आणि नवरा प्रत्येक पानाशी जाऊन सांगू लागला, "गाजर खाऊन बघा, आमच्या घरचं हाय." मला खरंच आनंद झाला.

तो घरी येईपर्यंत टिकला. चपला काढता काढता नवरा म्हणाला, "जा, पास झालीस. मिस्त्रीला नको म्हणून सांगतो."

माझं डोकंच फिरलं. स्वतःच्या घरामागच्या मातीत मी तीन महिने परीक्षा देत होते की काय?

"पास कसली? गाजरं वाकडी निघाली असती तरी फरशी होणार नव्हती."

"मग माझी अट कशाला मानलीस?"

"मानली नव्हती. गप्प बसले होते. लग्नापासून तुम्ही माझं गप्प बसणं म्हणजे होकार धरून चाललात. फोन इकडे द्या."

मी मिस्त्रीला फोन लावला, फरशीचं बोलायचंय म्हटलं. त्याने पलीकडून विचारलं, "मॅडम, मंग फरशी कवा बसवायची? सायबांला इचारू का?"

"त्यांना विचारायचं नाही. बसवायची नाही."

नवरा शेजारीच उभा होता. एक शब्द बोलला नाही. ते गप्प बसणं मी होकार धरलं नाही. मला त्याचा होकार नकोच होता.