मागच्या स्प्रिंगचे चार आटे

दोन हजार सालानंतरची गोष्ट. माझा मणका सरकला आणि डॉक्टरांनी स्कूटर बंद केली, साधी सायकलही बंद केली. घर पंचवटीत, नोकरी सातपूरला. रिक्षात दुसऱ्या खड्ड्यालाच पायात कळ जायची. तेव्हा धाकट्या भावाने मला आडवी सायकल बनवून दिली. त्याचं अंबडला फॅब्रिकेशनचं वर्कशॉप होतं. आरामखुर्चीसारखं मागे रेललेलं सीट, पेडल पुढे, आणि मागच्या चाकाला जुन्या मोपेडचा स्प्रिंगवाला शॉकअप. गल्लीतल्या बायका म्हणायच्या, "निघाला बाई पलंग ऑफिसला."

त्या सायकलचं सगळं मागच्या स्प्रिंगवर. साध्या सायकलवर खड्डा आला की माणूस पेडलवर उभं राहतं. इथे पाठ टेकलेली, उठायची सोय नाही. स्प्रिंग घट्ट असली तर खड्डा थेट मणक्यात. सैल असली तर दर पेडलला सायकल डोलते आणि चढावर ताकद त्या डोलण्यातच जाते. एका रविवारी आम्ही दोघांनी ती माझ्या वजनाला लावली. मी बसायचे, तो टेपने मोजायचा, नट एक आटा फिरवायचा, मी पुढच्या स्पीडब्रेकरवरून चक्कर मारून यायचे. नवव्या की दहाव्या चकरेला जमलं. मी बसल्यावर स्प्रिंग बोटभर दबत होती. तेव्हा नट जिथे होता तिथे मी लाल नेलपॉलिशची रेघ ओढून ठेवली. चढावर ती जराशी डोलायची. माझी त्याला हरकत नव्हती.

वर्षभर मी वेळेवर ऑफिसात होते. गोळ्या सुटल्या. भाऊ महिन्यातून एकदा सायकल ऑइलिंगला न्यायचा. पावसाळ्यात त्याने स्प्रिंगवर ट्यूबचा तुकडा गुंडाळून दिला, चिखल लागू नये म्हणून. त्यानंतर पंधरा दिवसांत पाठदुखी पुन्हा सुरू झाली.

मी त्याला म्हटलं, "अरे, स्प्रिंग कडक वाटतेय."

"मी हातही लावला नाही, ताई. स्प्रिंग तीच आहे. पाठ तीच राहिली नाही."

मला पटलं. लोखंडातलं त्याला माझ्यापेक्षा जास्त कळत होतं. मी तशीच जात राहिले आणि शेवटी अंथरुणाला लागले. तीन आठवडे. तो एक दिवसाआड यायचा, डाळिंब सोलून द्यायचा. म्हणायचा, "तुमच्याकडे स्वेच्छानिवृत्ती निघालीय ना? घेऊन टाक. पाठीपेक्षा नोकरी मोठी नाही." मी अर्ज लिहून ठेवला. सोमवारी कुणाच्या तरी हाती पाठवणार होते.

रविवारी तो एका निवृत्त गृहस्थांना सायकल दाखवायला घेऊन आला. त्यांना तशीच बनवून हवी होती. अंगण माझ्या खिडकीखालीच. मी पडल्या पडल्या ऐकत होते.

"बघा काका, चढावर अजिबात डोलत नाही. आधी डोलायची, लोक हसायचे. पावसाळ्यात चार आटे आवळले, काम झालं. आमच्या ताईची पाठ गेलेली, तरी रोज हिच्यावर सातपूरला जाते."

मी भिंतीला धरून बाहेर आले. स्टुलावर बसून ट्यूब सोडली. नट माझ्या रेघेपासून चार आटे लांब होता.

"मी विचारलं तेव्हा आवळलेलीच होती?"

"दाखवायची होती गं लोकांना. नंतर सैल करणारच होतो. राहून गेलं."

काका अवघडले होते. त्यांनी मला विचारलं, "बाई, पाठीला आराम आहे ना हिच्यावर?"

भाऊ माझ्याकडे बघत राहिला. त्यांच्या सायकलचे पाइप त्याने कापूनही ठेवले होते.

"वर्षभर होता," मी म्हटलं. "यानं आवळल्यावर मी अंथरुणाला लागले. घ्यायची तर घ्या, पण तुमच्या वजनाला लावून घ्या आणि स्वतः मोजा."

"घरचंच माणूस असं बोलायला लागलं तर धंदा करायचा कसा?" भाऊ म्हणाला.

"घरच्या माणसाला विचारून आवळायची होतीस."

काका "कळवतो" म्हणून गेले. मी पाना मागितला. "दे, मी करतो," तो म्हणाला. मी नको म्हटलं. चार आटे सोडवायला मला अर्धा तास लागला. तो उभा राहून बघत होता, मग गाडीला किक मारून गेला.

अर्ज मी पाठवला नाही. महिन्याभराने पुन्हा सातपूरला जायला लागले आणि पाठीने साथ दिली. भावाशी भांडण असं नाही. दिवाळीला येतो, जेवतो, वर्कशॉपचं सांगतो. फक्त त्याने सांगितलेलं मी आता दुसऱ्या कुणाला तरी विचारून घेते. परवा म्हणाला, डॉक्टरांनी आईची बी.पी.ची गोळी बदलली. तो गेल्यावर मी दवाखान्यात फोन केला. खरंच बदलली होती. तरी मी चिठ्ठी मागवून घेतली.