उंबराच्या पाण्याची गाणी

"माझ्या बँडच्या व्हिडिओंना जागा हवी होती. कॉम्प्युटरमधली तुझी ती दुसरी सिस्टिम, लिनक्स, काढली, एवढंच!" पॉलिनचा नवरा गॉडफ्रे ओरडला.

"विंडोजसुद्धा ते लिनक्सच सुरू करून देत होतं," पॉलिन म्हणाली. काळ्या पडद्यावर एक इंग्रजी ओळ लुकलुकत होती. लग्नात उंबराचं पाणी आणताना म्हणायची गाणी तिने गावातल्या म्हाताऱ्यांकडून रेकॉर्ड केली होती, ती सगळी आतच होती. त्या म्हाताऱ्यांपैकी दोघी आता हयात नव्हत्या.

"कॉम्प्युटरचा दुकानवाला म्हणतो, सगळं पुसून नवं टाकू."

"त्याच्या आजीचा आवाज असता, तर पुसला असता?"

"मग तू करणार? शिवणक्लासवाली?"

"हो, मीच. गाणी विंडोजमध्ये शाबूत आहेत, फक्त विंडोज सुरू करून देणारा भाग परत बसवायचाय." लेकीच्या, टिफनीच्या, लॅपटॉपवर बनवलेला विंडोजचा पेनड्राइव्ह तिने खोचला. "कॉम्प्युटर दुकानात जाणार नाही. आज स्वयंपाक बापलेकींनी करायचा."