एकोणचाळिसावं पान

बादलीत चिंचेची इवली पानं पडली होती. हळूहळू हलत होती, जणू कुणाचं काय व्हायचं हे अजून ठरायचंच आहे. नकळत मी ती मोजत गेलो. डुकराच्या पेशीतली गुणसूत्रं काचेवर अशीच विखुरलेली दिसतात. ती अडतीस असतात.

खूप वर्षांपूर्वी आमच्या प्रयोगशाळेत, काचेच्या बशीत फलन करून डुकरिणीच्या पोटात सोडलेल्या भ्रूणांपासून आठ पिल्लं झाली. सात हुंदडायची, आठवं भिंतीला टेकून उभं राहायचं. त्याच्या रक्तातल्या पेशी मी तपासल्या. प्रत्येकीत एकोणचाळीस. एक जास्त असलं की पिल्लू सहसा जगत नाही. शेजारच्या पेशीतलं एखादं भरकटून आलं असेल, असं मनाला सांगत मी अडतीस लिहिलं. प्रयोग यशस्वी ठरला.

पिल्लांचं बघणाऱ्या शेवंताबाई त्या आठव्याला बाटलीनं दूध पाजायच्या. ते पिल्लू गेलं तेव्हा म्हणाल्या, "सर, माझंच चुकलं. दूध गार झालं असंल." मी मान डोलावली. हो, डोलावली.

बादलीत अडतीस झाली, आणि कडेला आणखी एक पान होतं. ते पाहून मी उठलो, शेवंताबाईंचं घर गाठलं आणि सगळं सांगितलं.

"म्हंजी दूध गरमच हुतं?"

"गरमच होतं, बाई."

त्यांनी स्वतःच्या हातांकडे पाहिलं.

"सर, त्या दिसापास्नं मी नातवंडांना बी कधी बाटली लावली न्हाई वो."